रूळ कुणाचे, गाडी कुणाची?

मंडळी, बार्शीचा आणि स्टॅफर्डशायरचा काही संबंध असेल असं तुम्हांला कधी वाटलं होतं का? आम्हांलाही नव्हतं वाटलं. दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मंडळातली आम्ही सात-आठ कुटुंबं मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यात पायी फिरायला गेलो होतो. पुऱ्या, बटाट्याची भाजी, थर्मासमध्ये चहा असा नेहमीचा जामानिमा. वॉटरहाउसेस ते हल्म एंड अशी आठ मैलांची वाट आहे. डोंगराळ मुलुख, पण वाट मात्र सपाट. कारण एके काळी या वाटेवरून आगगाडी धावत होती. त्या गाडीच्या इंजिनाचा जुना फोटो दिसला आणि आमच्यातले एक काका जागच्या जागी थांबले. काका मूळचे बार्शीचे. म्हणाले, "अहो, ही तर आमच्या बार्शी लाइटची बहीण!"

काकांना आम्ही हसलो. घरी येऊन पुस्तकं चाळली तेव्हा हसू आवरतं घ्यावं लागलं, कारण काका अगदी बरोबर होते.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनिअर १८८२ साली आपल्या जी.आय.पी. रेल्वेत नोकरीला आला. मुख्य मार्गापासून बाजूला पडलेल्या बार्शीसारख्या पेठेला अडीच फुटी रुळांची स्वस्त आणि मजबूत गाडी द्यायची, हे त्याच्या डोक्यात बसलं. डबा असो की इंजिन, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, म्हणजे हलके रूळ पुरतात आणि खर्च वाचतो, हे त्याचं सूत्र. १८९७ साली बार्शी रोड म्हणजे आजची कुर्डुवाडी, तिथून बार्शीपर्यंत गाडी सुरू झाली. पुढे ती पंढरपूरला, लातूरला आणि शेवटी मिरजेला पोचली. वारकऱ्यांच्या किती पिढ्या तिने पंढरीला नेल्या, त्याची गणती नाही. बार्शीत हात बसल्यावर याच कॅलथ्रॉपने १९०४ साली मॅनिफोल्डची गाडी उभी केली. तेच अडीच फुटी रूळ, इंजिनं लीड्सच्या किट्सन कंपनीची आणि पुढे भारतात लावतात तसला भला मोठा दिवा. म्हणजे गंगा उलटी वाहिली. सोलापूर जिल्ह्यात शिकलेलं शहाणपण इंग्लंडात कामी आलं.

मॅनिफोल्डची गाडी तीस वर्षं चालली. दुधाची वाहतूक हा तिचा मोठा आधार होता. तो गेला आणि १९३४ साली गाडी बंद पडली. रूळ उखडले, पायवाट झाली. ती वाचवायला त्या वेळी कुणी पुढे आलं नाही. गाडी वाचवायची असते, ही कल्पनाच तेव्हा जन्माला आलेली नव्हती.

अर्जाची गोष्ट

त्या दिवशी परतताना गाडीत विषय निघाला तो आपल्याकडच्या छोट्या गाड्यांचा. बार्शी लाइट तर नव्या शतकाच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने ब्रॉडगेज होऊन गेली. विदर्भातली शकुंतला, यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूरची अडीच फुटी गाडी, गेली काही वर्षं उभीच आहे. उरली माथेरानची. आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने स्वतःच्या पैशाने बांधलेली आणि १९०७ साली सुरू झालेली नेरळ–माथेरान ही दोन फुटी गाडी. २००५ च्या जुलैतल्या पावसाने तिचा मार्ग वाहून गेला, दुरुस्तीला दोन वर्षं गेली. २०१६ च्या मे महिन्यात डबे घसरण्याच्या घटना घडल्या म्हणून गाडी थांबवली, ती पूर्ण मार्गावर धावायला २०१८ उजाडलं. २०१९ च्या पावसाने पुन्हा दाणादाण उडवली आणि नेरळहून थेट माथेरानला जाणारी गाडी २०२२ च्या ऑक्टोबरात परत सुरू झाली.

आम्ही इथे बसून काय करणार? अर्ज करणार! "महाराष्ट्राचा हा ठेवा जतन करावा" अशा मथळ्याचा झकास मसुदा तयार झाला. दिवाळीच्या कार्यक्रमात दीडशे सह्याही गोळा झाल्या. सही करायला कुणाचं काय जातं! अर्ज पाठवायच्या बेतात होतो, तेवढ्यात कार्यकारिणीतल्या एका ताईंनी मोडता घातला. म्हणाल्या, "तिकडच्यांना शहाणपण शिकवण्याआधी इथल्यांनी आपल्या गाड्या कशा वाचवल्या ते बघून तरी या." म्हणून पुढच्या मे महिन्यातली आमची सहल वेल्सला गेली.

पहिली खेळी बर्मिंगहॅमची

टॅलिलिन ही वेल्सच्या किनाऱ्यावरच्या टायविन गावाची पाटीच्या दगडाची गाडी. १८६५ पासून चालू. रूळ सव्वादोन फुटी. मालक सर हेन्री हेडन जोन्स यांनी आपण आहोत तोवर गाडी चालवीन असा शब्द दिला होता आणि पदरमोड करून तो पाळला. १९५० साली ते वारले. आता गाडी भंगारात जाणार हे उघड होतं. तेव्हा टॉम रोल्ट नावाच्या लेखकाने पुढाकार घेतला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात बर्मिंगहॅमच्या एका हॉटेलात सभा भरवली. आमच्या गावात जगातली अशी पहिली सभा भरली होती आणि आम्हांला तिचा पत्ता नव्हता!

त्या सभेतून स्वयंसेवकांची संस्था निघाली. सर हेडन यांच्या पत्नीने गाडीची मालकी नव्या कंपनीकडे सोपवली. तिच्या कारभारात घरच्यांची आणि संस्थेची माणसं बरोबरीने बसवली. १४ मे १९५१ रोजी स्वयंसेवकांनी चालवलेली पहिली गाडी सुटली. गवतात दडलेले रूळ, इंजिनं मोडकळीला आलेली, आणि चालवणारे कोण, तर कारकून, मास्तर, पाद्री! रेव्हरंड ऑड्री हे त्यांतलेच एक पाद्री. १९५२ साली ते इथे गार्डाचं काम करत होते आणि एकदा खाण्याच्या स्टॉलवरच्या बाईंना मागेच सोडून त्यांनी गाडीला शिट्टी दिली, असं इथे अजून हसत सांगतात. आपल्या घरोघरच्या पोरांनी वाचलेला 'थॉमस द टँक इंजिन' यांचाच. त्यांच्या गोष्टींतली स्कार्लोईची छोटी रेल्वे म्हणजे टॅलिलिनच. आमच्या चिरंजीवांना हे कळल्यावर सहलीत कंटाळा आल्याची त्यांची तक्रार एकदम बंद झाली.

इथे आम्ही पहिली गोष्ट शिकलो. गाडी वाचली ती प्रेमाने खरी, पण नुसत्या प्रेमाने नाही. मालकी कुणाची, काम कुणाचं, निर्णय कुणाचा, हे पहिल्याच वर्षी कागदावर ठरलं होतं.

धरणात बुडालेला मार्ग

तिथून आम्ही उत्तरेला पोर्टमॅडॉकला गेलो. फेस्टिनिऑग रेल्वेचं हे ठाणं. १८३६ साली ही गाडी सुरू झाली तेव्हा पाटीच्या दगडाने भरलेल्या वाघिणी डोंगरावरून आपल्या वजनाने खाली यायच्या आणि रिकाम्या वाघिणी घोडे वर ओढून न्यायचे. १८६३ साली वाफेची इंजिनं आली. एवढ्या अरुंद रुळांवर एवढं वजन ओढता येतं हे पाहायला १८७० साली देशोदेशींचे इंजिनिअर इथे जमले आणि छोट्या गाडीची कल्पना इथून जगभर गेली.

१९४६ साली ही गाडीही बंद पडली. पण मूळ कायद्यात गाडी बंद करून रूळ काढायची तरतूदच नव्हती, म्हणून सगळा पसारा जागच्या जागी गंजत पडून राहिला. १९५४ साली ॲलन पेग्लर या गृहस्थांनी कंपनीचा ताबा मिळवला, पण गाडी स्वतःची न करता ती विश्वस्त संस्थेच्या हाती दिली. १९५५ साली पहिला टप्पा सुरू झाला. तोवर विजेच्या प्रकल्पासाठी वरच्या अंगाचा मार्ग तलावाखाली जाणार हे ठरून गेलं होतं. नुकसानभरपाईचा कज्जा १९७२ पर्यंत चालला. स्वयंसेवक मात्र निकालासाठी हात बांधून बसले नाहीत. १९६५ पासून त्यांनी कुदळ-फावडं घेऊन तलावाच्या कडेने अडीच मैलांचा नवा मार्ग खोदायला घेतला. चढ मिळावा म्हणून दार्जिलिंगसारखा रुळांचा वेढा घातला, नवा बोगदा पाडला. १९८२ साली गाडी परत ब्लायनाई फेस्टिनिऑगला पोचली. सतरा वर्षं! त्या वेढ्यावरून आमची गाडी स्वतःच्याच मार्गावरून पलीकडे गेली तेव्हा डब्यातली सगळी लहानथोर मंडळी खिडकीशी होती.

या संस्थेचे गावोगावी गट आहेत. शनिवार-रविवारी गाडी भाड्याने घेऊन यायचं, चिखलात काम करायचं, रात्री वसतिगृहात झोपायचं. वर्गणी, कार्यकारिणी, वार्षिक सभेतली खडाजंगी, "आमच्या वेळी असं नव्हतं" म्हणणारे ज्येष्ठ, हे सगळं ऐकताना आम्हांला अगदी घरच्यासारखं वाटलं.

दोघेही बरोबर, तरी भांडण

पण सहकार्याची खरी परीक्षा झाली ती शेजारच्या वेल्श हायलँड रेल्वेत. ही गाडी १९२३ ते १९३७ एवढीच चालली. कंपनी बुडाली, रूळ गेले, आणि मार्गाची जमीन वर्षानुवर्षं सरकारी अवसायकाच्या दप्तरात अडकून पडली. ती पुन्हा उभी करायची म्हणून १९६० च्या दशकात रेल्वेवेड्यांनी एक कंपनी काढली. १९८० साली पोर्टमॅडॉकला लहानसा तुकडा चालूही केला. जमिनीसाठी त्यांची खटपट चालूच होती. आणि १९८० च्या दशकाच्या शेवटी उघडकीला आलं की त्या जमिनीसाठी दुसरं कुणीतरी गुपचूप बोली लावली आहे. ते दुसरं कुणीतरी म्हणजे फेस्टिनिऑग! दाराशी दुसरी गाडी आली तर आपले प्रवासी जातील, ही तिची भीती.

बोभाटा झाला. दोन्हींकडे सभासद असलेली कितीतरी माणसं होती, त्यांची मोठी पंचाईत झाली. फेस्टिनिऑगनेही मग पवित्रा बदलला. गाडी होऊ द्यायची नाही, याऐवजी आम्हीच ती बांधतो, असं म्हणायला लागली. प्रकरण सार्वजनिक चौकशीपर्यंत गेलं. चौकशी अधिकाऱ्याने एक कौल दिला आणि १९९४ साली मंत्र्यांनी तो फिरवून फेस्टिनिऑगच्या बाजूने निकाल दिला. पुढे १९९८ साली दोघांत लेखी करार झाला. त्यानंतरही कुरबुरी संपल्या नाहीत, पण काम थांबलं नाही. लॉटरीच्या पैशातून अनुदान मिळालं. दक्षिण आफ्रिकेत निवृत्त झालेली मँचेस्टरच्या बायर पीकॉक कंपनीची भलीथोरली गॅरट इंजिनं परत मायदेशी आणली. शेतकऱ्यांचा आणि नॅशनल पार्कवाल्यांचा विरोध होता. आमच्या शेतातून पुन्हा गाडी कशाला, असा त्यांचा रास्त सवाल. त्यांचंही म्हणणं चौकशीत ऐकून घेतल्यावरच १९९९ साली पुढच्या कामाला मंजुरी मिळाली. २०११ साली कार्नार्व्हनहून पोर्टमॅडॉकपर्यंत पंचवीस मैलांचा मार्ग पुरा झाला. ज्यांनी आधी स्वप्न पाहिलं होतं त्यांची छोटी गाडीही त्याच गावात वेगळी चालते. भांडलेले भाऊ एकाच आळीत राहावेत तसं.

स्टेशनवर तिकिटं तपासणाऱ्या सत्तरीच्या एका स्वयंसेवकाला आम्ही विचारलं, "तुम्ही कुठल्या बाजूचे होता?" तो हसला. म्हणाला, "दोन्ही बाजूंना वर्गणी भरत होतो, त्यामुळे शिव्याही दोन्हींकडून खाल्ल्या. गाडीवर प्रेम सगळ्यांचंच होतं हो. प्रश्न एवढाच होता की किल्ली कुणाच्या खिशात राहणार."

हे वाक्य आम्ही बरोबर घेऊन आलो.

त्याने आजच्या काळज्याही सांगितल्या. जुने जाणते म्हातारे झाले. बॉयलरचं काम येणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. मुलांसाठी टॅलिलिनने आणि फेस्टिनिऑगने खास प्रशिक्षणं काढली आहेत ती त्यासाठीच. साउथ वेल्समधली शेवटची मोठी उघडी कोळसा खाण २०२३ च्या नोव्हेंबरात बंद झाली, त्यामुळे ज्या कोळशावर ही इंजिनं वाढली तो गेला. आता परदेशी कोळसा आणायचा किंवा कोळशाच्या भुकटीचे गोळे जाळून बघायचे. एकेकट्या गाडीला हे झेपत नाही. १९७० पासून वेल्समधल्या छोट्या गाड्या 'ग्रेट लिटल ट्रेन्स' या एका नावाखाली मिळून जाहिरात करतात. प्रवाशांसाठी एकमेकींच्या स्पर्धक, आणि संकटात एकमेकींच्या शेजारणी. २०२१ साली वेल्सचा पाटीच्या दगडाचा प्रदेश जागतिक वारसा ठरला, त्यात टॅलिलिन आणि फेस्टिनिऑग दोन्ही आहेत.

काकांचे पेढे

परतताना वाटेत चहाला थांबलो आणि पुन्हा अर्जाचा विषय निघाला. इतका वेळ गप्प असलेले बार्शीचे काका तेव्हा बोलले.

"आमच्याकडे ब्रॉडगेज झाली तेव्हा भावाचा फोन आला. म्हणाला, दादा, इथे आम्ही पेढे वाटले. आता कुर्डुवाडीला माल उतरवून दुसऱ्या गाडीत चढवायला नको, मुंबईची गाडी दारात येईल. मी त्याचं अभिनंदन केलं. फोन ठेवला आणि रडत बसलो. तुम्हीच सांगा, आमच्या दोघांत चूक कोण?"

कुणालाच बोलता येईना. आमच्या अर्जात भावाचे पेढे कुठेच नव्हते. ठेवा, वारसा, अस्मिता सगळं होतं. पण ज्यांना त्या गाडीने बाजारला, दवाखान्याला, कॉलेजला जायचं आहे, त्यांना काय हवं हे आम्ही विचारलंच नव्हतं. शकुंतलेचंच बघा. ब्रिटिश काळातल्या किलिक निक्सनने उभारलेल्या कंपनीची मालकी, आणि गाडी चालवणार भारतीय रेल्वे. रूळ एकाचे, गाडी दुसऱ्याची, दुरुस्ती कुणाची याचा घोळ. गरिबांची ती स्वस्त गाडी होती, म्हणून ती चालू करा असं लोक म्हणतात आणि ब्रॉडगेज करा असंही तेच लोक म्हणतात. त्यांना गाडी हवी आहे. आपल्याला हवी आहे आठवण. दोन्ही मागण्या खऱ्या आहेत, पण एकाच अर्जात एकाच सहीखाली त्या कोंबता येणार नाहीत.

माथेरानचं वेगळं आहे. तिथे गावात मोटारी येत नाहीत, दस्तुरीला थांबतात. त्यामुळे ही छोटी गाडी गावाच्या रोजच्या गरजेची आहे आणि वारसाही आहे. युनेस्कोच्या संभाव्य यादीत तिचं नाव आहे. दार्जिलिंग १९९९ साली, निलगिरी २००५ साली आणि कालका–शिमला २००८ साली वारसा ठरली, तीही तिथवर जाऊ शकते. पण गाडी रेल्वेची, भोवतालचं रान वनखात्याचं, गाव नगरपालिकेचं, आणि २००३ पासून सगळा परिसर पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील म्हणून जाहीर झालेला. त्यातच घोडेवाले, हॉटेलवाले, हमाल. दर पावसाळ्यात ढासळणारी दरड यांतल्या कुणा एकाला आवरणारी नाही. किल्ल्या चार खिशांत आहेत. म्हणून वेल्सचा साचा उचलून तिथे बसवता येणार नाही. सरकारी रेल्वेच्या इंजिनावर रविवारचे हौशी स्वयंसेवक कुणी चढू देणार नाही, आणि ते योग्यच आहे. पण सगळ्यांना एका टेबलाशी बसवणं, कोण काय करणार ते कागदावर ठरवणं, आणि गावकऱ्यांना पाहुणे न समजता घरचे समजणं, हे तर वेल्सकडून घेता येईल. दूर राहून मदत कशी करावी त्याचा नमुनाही इथेच आहे. इंग्लंडातल्या रेल्वेप्रेमींनी १९९७ साली दार्जिलिंगच्या गाडीसाठी सोसायटी काढली. त्यांनी गाडी ताब्यात मागितली नाही, तिचे मित्र झाले.

तेव्हा मंडळी, तो अर्ज आम्ही पाठवला नाही. दीडशे सह्या करणाऱ्यांची इथे जाहीर माफी मागतो. त्याऐवजी आम्ही एक लहान काम हाती घेतलं आहे, जे करायला कुणाच्या खिशातली किल्ली लागत नाही. बार्शी लाइट, शकुंतला आणि माथेरानची गाडी यांच्या आठवणी आम्ही गोळा करतो आहोत. कुणाचे वडील कुर्डुवाडीच्या वर्कशॉपात असतील, कुणाची आजी या गाडीने वारीला गेली असेल, कुणाच्या ट्रंकेत जुना पास, तिकीट, फोटो पडला असेल. त्याची प्रत काढून ठेवू, माहिती लिहून ठेवू, आणि तिकडे कुणी संग्रहालय किंवा अभ्यासक मागेल त्याला देऊ. ऐंशीच्या पुढच्या मंडळींशी बोलून त्यांच्या आवाजातच आठवणी ध्वनिमुद्रित करायला सुरुवात केली आहे. पहिली आठवण अर्थातच काकांची झाली. त्यात रडणं आहे आणि पेढेही आहेत. दोन्ही आम्ही तसेच ठेवले.

पुढच्या ऑक्टोबरात पुन्हा मॅनिफोल्डच्या वाटेवर जायचं ठरलं आहे. काकांचे भाऊ बार्शीहून तेव्हा इथे येणार आहेत. त्यांनाही ती वाट दाखवायची आहे, आणि त्यांचं म्हणणंही नीट ऐकून घ्यायचं आहे. ज्यांना यायचं असेल त्यांनी नावं कळवावीत. पुऱ्या-भाजी मंडळाकडून, थर्मास ज्याचा त्याने आणावा!